डब्यातला कागद

दर वर्षी निकाल लागला की माझ्या ओसरीवर चपलांचा ढीग पडतो. शेगाव, संग्रामपूर, वरवट, कधीकधी थेट देऊळगाव राजाहूनसुद्धा माणसं येतात. एका हातात पोराचं गुणपत्रक, दुसऱ्या हातात पिशवीभर वांगी. "सर, याला कुठं घालू?" एवढाच प्रश्न. मी चष्मा लावतो, गुणपत्रक उजेडाकडं धरतो आणि सांगतो. मी खामगावात हायस्कुलात मास्तर, पण लोक मला शाळेवरून कमी आणि सल्ल्यावरून जास्त ओळखतात. या माणसांपैकी एकालाही, माझ्या बायकोलाही, शेगावला समाधीपुढं डोळे मिटून उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा जे मी बोललो नाही, ते आज तुम्हाला सांगायला बसलोय. तुम्हालाच का? तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून. एवढं भित्रं कारण आहे ते.

सल्ला मी खोटा देत नाही हं. उगाच नाही माणसं येत. मी सांगतो — कॉलेजची इमारत पाहून भुलू नका, दुपारी दोन वाजता जाऊन वर्ग भरलेत का ते पाहा. तिथल्या शिपायाला एक कप चहा पाजा, तो प्राचार्यांपेक्षा खरं बोलतो. पोराला सांगतो — पहिले दोन महिने इंग्रजी डोक्यावरून जाईल, जाऊ दे, पण वही कोरी ठेवू नको. ज्याला कळतं त्याच्याजवळ जाऊन बस, लाज धरू नको. खोली घेताना आधी पाण्याची सोय बघ. आणि मग पोरगं उठायला लागलं, की त्याला परत खाली बसवतो आणि एक गोष्ट सांगतो. माझी ठेवणीतली. बरेचजण तर ती ऐकायलाच येतात.

गोष्ट अशी. एका गावात एक हुशार पोरगा होता. शहरात शिकायचा. त्याला नागपूरच्या मोठ्या कॉलेजात जागा मिळाल्याचं पत्र गावच्या पत्त्यावर आलं. बाप अडाणी. त्यानं ते पत्र स्वतः नेऊन द्यायचं सोडून पोराच्या जेवणाच्या डब्यात टाकलं आणि डबा एसटीनं पाठवला. नेमका पूर्णेला पूर आला, गडबडीत डबा गहाळ झाला, आणि पोराची जागा गेली. तर बाळांनो, कॉलेजचा कागद कधी दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नका. बाप झाला म्हणून काय झालं?

आयाबाया पदर तोंडाला लावतात. बाप मंडळी मान हलवतात. आणि मी चहा मागवतो.

किती वर्षं सांगतोय ही गोष्ट! यातला बाप खरा आहे. पोरगा खरा आहे. पूरही खरा, पुलाच्या कठड्यावरून पाणी गेलं होतं त्या साली. मग खोटं काय? — सांगतो. जरा लांबून यावं लागेल, सरळ त्या जागेवर पाय टाकवत नाही.

मी मूळचा सोनाळ्याचा. सातपुड्याच्या पायथ्याशी मोठं गाव आहे. महाराष्ट्र तेव्हा नवीनच झाला होता. आधी आम्ही मध्यप्रांतात, मग मुंबई राज्यात, आणि आता हे. आमच्या शेजारची म्हातारी विचारायची, "आता आखीन कुठी नेलं बाप्पा आपल्याले?" त्या सुमाराला गावातून आम्ही दोघंच पोरं मॅट्रिक झालो. मी आणि सुखदेव. मी कसाबसा. सुखदेव पहिल्या वर्गात.

सुखदेवच्या बापाचा वांग्या-मिरचीचा मळा होता. तुळशीरामकाका त्यांचं नाव. उंच, वाकलेला माणूस, बोलायचा कमी. सुखदेव दहा-अकरा वर्षांचा असताना त्यांची गाभण गाय अडली. ढोरांचा डॉक्टर जळगाव जामोदला. तो येईपर्यंत दोन दिवस गाय तडफडत राहिली आणि पोटातल्या वासरासकट मेली. सुखदेव ते दोन दिवस तिच्या मानेला धरून बसला होता. तेव्हापासून त्याचं एकच — ढोरांचा डॉक्टर व्हायचं. गावात पोरं त्याला हसायची. माणसांचा हो म्हणावं, ढोरांचा काय होतो? तो म्हणायचा, माणूस तरी सांगू शकते कुठं दुखते ते.

आमचे हेडमास्तर म्हणाले, या पोराला अमरावतीला घाला. तिथलं सायन्स चांगलं आहे. तुळशीरामकाका गोंधळले. मी दोन उन्हाळे खामगावात मामाकडं काढले होते, त्यामुळं गावाच्या लेखी मी जग पाहिलेला. एका दुपारी काका मळ्यातून सरळ आमच्या दारात आले आणि मला, सतरा वर्षांच्या पोराला, विचारलं, "भास्कर, तुनं पाह्यलं आहे समदं. पोट्ट्याले कुठं टाकू?"

मी काय म्हणालो? माझं आयुष्यातलं ते पहिलं सल्ला देणं. म्हणालो, "काका, जिथवर घरचा डबा पोचते, तिथवरच शिकाव."

केवढं शहाणपणाचं वाटलं ते सगळ्यांना! गावभर झालं. तुम्हाला डब्याची रीत माहीत नसेल तर सांगतो. आमच्याकडं शिकणाऱ्या पोराचा जेवणाचा डबा घरून यायचा. सकाळी माय भाकरी थापायची, डबा फडक्यात बांधायची, बाप तो एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचा. खामगावच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीखाली एक फळी होती. कंडक्टर सगळे डबे त्या फळीवर मांडायचा, आणि ज्याचा त्यानं ओळखून उचलायचा. कोणी कोणाच्या डब्याला हात लावत नसे. संध्याकाळच्या गाडीनं डबा परत जायचा, पण रिकामा नाही. रिकामा डबा घरी पाठवू नये. काही नसलं तर चार फुटाणे टाकायचे, नाहीतर खुशालीची चिठ्ठी. सोनाळ्याचा डबा खामगावपर्यंत यायचा. अमरावतीपर्यंत येत नसे.

पण मी ते डब्यासाठी म्हणालो होतो का? माझे गुण अमरावतीला पुरेसे नव्हते. सुखदेव अमरावतीला गेला असता तर मी खामगावात एकटा पडलो असतो, आणि एकट्यानं मी पास होणं शक्य नव्हतं. एवढंच होतं ते. पण हा माझा गुन्हा नव्हे. ही नुसती तोंडओळख.

खामगावात आम्ही एका खोलीत राहिलो. कॉलेजात सगळं इंग्रजीत. पहिल्या दिवशी मी वर्गातून बाहेर आलो तो रडकुंडीला येऊन. सुखदेव रोज संध्याकाळी पुस्तक उघडायचा आणि रसायनशास्त्र मला वऱ्हाडीत सांगायचा. "हे पाय, हा आम्ल म्हंजे आपला बंडू पाटील, ज्याच्या त्याच्याशी भांडते." असं. मी त्याच्या जिवावर ते वर्ष पास झालो. आजही मी वर्गात आम्ल शिकवतो तेव्हा पोरं हसतात, सरांची उपमा भारी म्हणतात. ती उपमा सुखदेवची आहे.

वर्ष संपल्यावर त्यानं नागपूरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात अर्ज केला. मीही केला. मला ढोरांचं काय पडलं होतं? शेण पाहिलं तरी नाक धरणारा मी. पण तो करतोय म्हणून केला. यादी लागली, तिच्यात दोघांचंही नाव नव्हतं. सुखदेव प्रतीक्षा यादीत होता. आम्ही खामगावातच पुढच्या वर्गात नाव घातलं. तो म्हणायचा, येईल रे कागद. मी म्हणायचो, येईल की. आणि मनात — काय म्हणत होतो मनात? नको येऊ दे, नको येऊ दे. देवाला रोज हेच.

आता आलो मी तिथं.

तो दिवस आषाढातला. तीन दिवस झड लागलेली. सुखदेवचं प्रॅक्टिकल चार वाजेपर्यंत होतं, म्हणून डबे आणायला मी एकटा गेलो. गाडी दोन तास उशिरा आली, चाकांच्या वरपर्यंत चिखल. ड्रायव्हर सांगत होता, आम्ही निघालो आणि मागं पूल पाण्याखाली गेला. गाडीतून अडकलेली, भिजलेली, भुकेली माणसं उतरत होती. कंडक्टरनं घाईघाईनं फळीवर डबे ठेवले. आमचे दोन. सुखदेवचा पितळी होता, त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी तुळशीरामकाकांचं नाव कोरलेलं. फडक्याच्या गाठीतून लांबट पाकिटाचा कोपरा बाहेर आला होता.

मी पाकीट काढलं. वर नागपूरचा शिक्का होता.

का उघडलंस, विचाराल. मी स्वतःलाही विचारलं आहे. स्टँडच्या मागं पाण्याची टाकी होती, तिच्या आडोशाला गेलो आणि उघडलं. माझं इंग्रजी कच्चं, पण तेवढं मला समजलं. जागा मिळाली आहे. पत्राच्या तारखेपासून दहा दिवसांच्या आत हजर व्हावे, नपेक्षा जागा पुढच्या उमेदवारास देण्यात येईल. चार दिवस टपालातच गेले होते. सहा उरले होते. रेल्वेची लाइन चालू होती. सुखदेव त्याच संध्याकाळी निघू शकला असता.

पहिला विचार कोणता आला माहीत आहे? मले काऊन नाही? — हा. दुसरा आला, आता मला शिकवणार कोण? तिसरा विचार यायच्या आत मी पाकीट बनियनच्या आत खोचलं होतं.

मग भूक लागली. हेही लिहितो. मी तिथंच टाकीमागं बसलो आणि आधी माझा डबा खाल्ला. नंतर सुखदेवचा उघडला. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, वांग्याची भाजी. त्याच्या मायनं कडेला गुळाचा खडा ठेवला होता. कागद आला म्हणून असेल. मी तो गूळही खाल्ला. मग कापसाच्या बाजारामागं एक पडकी विहीर होती, तिच्यात दोन्ही डबे सोडले. माझा ॲल्युमिनियमचा होता, तो जरा वेळ तरंगला. पितळी लगेच गेला.

खोलीवर येऊन सुखदेवला सांगितलं, फळीवर आपले डबे नव्हते. गाडीत पुरात अडकलेली उपाशी माणसं होती, कोणीतरी उचलले असतील. त्यानं लगेच खरं मानलं. माझ्यावर शंका घ्यायचं त्याला कारणच काय होतं? उलट म्हणाला, जाऊ दे, उपाश्याच्या पोटात गेलं. त्याच्या पेटीत फुटाण्याची पुडी होती. त्यानं ती सोडली, बरोबर अर्धे फुटाणे माझ्यापुढं केले. मी खाल्ले. भरल्या पोटावर त्याचे अर्धे फुटाणे मी खाल्ले, कारण खाल्ले नसते तर त्याला कळलं असतं.

पुलाचा भराव वाहून गेला होता. सात दिवस गाडी नाही. आठव्या दिवशी गाडी सुरू झाली आणि पहिल्याच गाडीनं तुळशीरामकाका आले. डबा परत गेला नव्हता, पोराचा निरोप नव्हता, त्यांना राहवलं नाही. आमच्या दारात उभे राहिले, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, आणि हसत विचारलं, "कागद भेटला ना?"

सुखदेव म्हणाला, "कोनता कागद?"

काकांचं हसणं तसंच राहिलं चेहऱ्यावर, पुसायचं राहून गेल्यासारखं. त्यांनी हळूहळू सांगितलं. नागपूरचं पाकीट आलं होतं, पोस्टमननं वाचून दाखवून परत चिकटवून दिलं होतं, जागा लागली म्हणाला. मळ्यात रोपं लावायची होती, म्हणून स्वतः न येता डब्यात बांधून दिलं. सुखदेव ऐकत होता. मी माझ्या पत्र्याच्या पेटीवर बसलो होतो. पाकीट त्या पेटीत होतं, खाली, सदऱ्याच्या घडीत. मी नुसता उठलो असतो, झाकण उघडलं असतं तरी — मुदत होऊन दोनच दिवस झाले होते. पूर होता, पूल तुटला होता, हातात पत्र घेऊन गेला असता तर कोणी ऐकलंही असतं कदाचित. मी उठलो नाही.

सुखदेव त्याच दिवशी शेगावहून नागपूरला गेला. तिथं त्याला सांगितलं, जागा दुसऱ्याला दिली. तो परत आला.

इकडं काकांनी स्टँडवर चौकशी केली. कंडक्टरनं शपथ घेतली, दोन्ही डबे फळीवर ठेवले होते म्हणून. मग सगळ्यांनी तेच धरलं, जे मी सांगितलं होतं. काका मला म्हणाले, "खाल्ला असन कोन्या उपाश्यानं. अन्नाचं काई नाही. कागद तं ठेवाचा होता लेकाच्यानं फळीवर." मी हो म्हणालो.

सुखदेवनं दिवाळीला कॉलेज सोडलं. मला एका अक्षरानं दोष दिला नाही. कशाचा देणार? दोष त्यानं बापाला दिला. एकाच घरात राहून बापाशी बोलणं टाकलं. बोलायचं झालं तर, माय, त्याले सांग, मोट धरायची आहे. माय, त्याले इचार, बियाणं आणलं का. समोरासमोर बसून. त्याची बायको आली, लेकरं झाली, तरी तसंच. "त्याले सांग."

आणि काका? त्यांनी एक विलक्षण व्रत घेतलं. गावात कोणाच्याही घरी सरकारी पाकीट, कॉलेजचं पाकीट, नोकरीचं पाकीट आलं की ते जाऊन मागायचे, एसटीत बसायचे, आणि ज्याचं त्याच्या हातात नेऊन द्यायचे. अकोल्यापर्यंत जायचे. बुलढाण्याला जायचे. लोक त्यांना तुळशीराम टपाल म्हणायला लागले. ते हसायचे. कोणी विचारलं, कशाला मरता काका, तर म्हणायचे, माह्या हातानं एका पोट्ट्याचं वाटोळं झालं, आता दुसऱ्याचं नोको.

सुखदेवलाही गावात डॉक्टर म्हणतात. थट्टेत सुरू झालं होतं, आता कोणी थट्टेनं म्हणत नाही. अडलेली गाय सोडवायला पंचक्रोशीतली माणसं त्याला नेतात. हातानं जेवढं होतं तेवढं तो करतो. एका साली खुरकूत आली, तेव्हा तो ढोरांपाशी बसून होता, कळत सगळं होतं, औषध हाताशी नव्हतं. मी त्या वेळी गावात होतो. मी त्याला म्हणालो, तू तरी काय करणार? तो म्हणाला, "शिकलो असतो तं केलं असतं ना बे काईतरी."

मी मात्र शिकलो. एक वर्ष नापास झालो, मग दुसरा एक हुशार पोरगा गाठला. बी.एस्सी. झालो, बी.एड. झालो, खामगावात चिकटलो. आणि पहिल्यांदा एका बापानं सल्ला विचारला तेव्हा माझ्या तोंडून ती गोष्ट निघाली. अडाणी बापाची. मी ती मुद्दाम रचली नव्हती, खरंच सांगतो. ती आपोआपच तशी निघाली, आणि सांगितल्यावर बरं वाटलं. चारचौघांनी ऐकलं की खोटं जरा घट्ट बसतं. म्हणून परत सांगितली. मग सांगतच राहिलो.

दोन वर्षांपूर्वी सोनाळ्याच्या शाळेनं पास झालेल्या पोरांचा सत्कार ठेवला आणि मला पाहुणा म्हणून बोलावलं. हार, नारळ, मांडव. काका पुढच्या सतरंजीवर बसलेले, काठी आडवी ठेवून. सुखदेव मागं खांबाशी. मला दिसत होते दोघंही. मी ती गोष्ट टाळू शकलो असतो, नाही का? पण लोक वाट बघत होते. हेडमास्तरांनी तर माइकवरूनच सांगितलं होतं, सरांची ती प्रसिद्ध गोष्ट ऐका म्हणून. मी नाव घेतलं नाही. एका गावात एक अडाणी बाप होता, असं म्हणालो.

मांडवात सगळ्यांना माहीत होतं कोणता ते.

गोष्ट संपली आणि काका उठले. उठायलाच त्यांना वेळ लागला. मला वाटलं, निघाले घरी. ते पोरांकडं वळले, हात जोडले आणि म्हणाले, "तो बाप मीच होय, पोट्टेहो. गुरुजी खरं सांगून राह्यले. कागद पोराच्या हाती द्या म्हना आपल्या बापाले. डब्यात टाकू नोका."

आणि बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

नंतर त्यांच्या घरी चहाला नेलं मला. काकांनी माझा हात धरला आणि म्हणाले, बरं केलं सांगितलं, माझ्या चुकीनं कोणाचं भलं होत असेल तर होऊ दे. मी बशीतला चहा फुंकत बसलो. वीसभर वर्षं ज्या माणसानं माझं पाप आपलं म्हणून वाहिलं, त्याच्याकडून मी हेही करवून घेतलं. गावासमोर, हात जोडून. माझ्यासाठी.

त्याच हिवाळ्यात काका गेले. मी गेलो होतो मातीला. परतताना सुखदेव माझ्यासोबत नाल्यापर्यंत चालत आला. तो रडत नव्हता. चालता चालता म्हणाला, "एका कागदापायी मी बाबाशी बोललो नाही रे. भास्कर, शेवटी त्यानं पानी मांगतलं, तेबी मी मायच्या हातानं देलं."

तो क्षण होता. याहून मोठा क्षण देवानं द्यायचा तरी कसा? आजूबाजूला कोणी नव्हतं. नाला कोरडा होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, नशीब. — हा एक शब्द. पाकीट चोरलं ते सतराअठराव्या वर्षी, त्याला पोरकटपणा म्हणता येईल कोणाला म्हणायचं असेल तर. या शब्दाला काय म्हणाल? मी तेव्हा चाळिशीकडं झुकलो होतो.

परवा फळीवर माझ्यासाठी डबा आला. हो, ती फळी अजून आहे. सुखदेव अधूनमधून पाठवतो, हरभऱ्याची भाजी, मिरच्या, काही ना काही. या वेळी डब्यात त्याच्या थोरल्या पोरीचं, उषाचं गुणपत्रक होतं. बापासारखीच निघाली आहे. सोबत सुखदेवची चिठ्ठी. पोरगी अमरावतीला जायचं म्हणते, म्हणे. मॅडमनं भरवलं तिच्या डोक्यात. पण मी तिला सांगितलं, भास्करकाका म्हणेल तेच करायचं. पुढं लिहिलं होतं — तूच म्हणत होता ना, जिथवर डबा पोचते तिथवर शिकाव. तर खामगावच बरं असं माझ्या मनात आहे. कळव.

मी ती चिठ्ठी कितीदा वाचली सांगता येत नाही. माझं तेच वाक्य. अठ्ठावीस मैल, तीस मैल, जेवढं डब्याचं अंतर, तेवढ्यात त्याला अडकवलं, आणि आता त्याच दोरीनं तो आपल्या हातानं पोरीला बांधायला निघालाय. मला विचारून. विश्वासानं.

पाकीट माझ्याकडं आहे. फाडता आलं नाही कधी. घड्यांवर विरलंय, पण शिक्का दिसतो, त्याचं नाव दिसतं, तारीख दिसते. काल सकाळी मी डबा घासला, पुसला. रिकामा डबा पाठवू नये. आत पाकीट ठेवलं. एका कोऱ्या कागदावर लिहिलं — उषाला अमरावतीला घाल, डब्याचं ऐकू नको. हा कागद त्या दिवशी डब्यात होता. डबा मी खाल्ला. भास्कर.

त्याहून जास्त लिहायला घेतलं होतं. चार पानं झाली. ती चुलीत घातली. सगळी कारणंच होती त्यात.

घरी डबा सुखदेव उघडणार नाही. उषा उघडेल, तिचा जीव टांगणीला लागलाय उत्तरासाठी. पाकीटही तीच आधी वाचेल. तिचं इंग्रजी चांगलं आहे. मग बापाला हाक मारेल. तिथून पुढचं मला दिसत नाही. आणि दिसलं तरी काय? ज्यांनी वाचायला हवं होतं, ते मातीत गेले. त्यांना कोणत्या एसटीनं पाठवू? त्या पाकिटानं कोणाचं काही परत येणार नाही. बोलणं परत येणार नाही, पाणी परत येणार नाही.

स्टँडवर गाडी दहा मिनिटं उभी होती. डबा कंडक्टरच्या सीटमागं होता, दिसत होता. तीनदा पाय उचलला परत आणायला. आणला नाही, ते धीर होता म्हणून नाही. मधे बाजारच्या बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या, वाट मिळाली नाही.

गाडी गेली. आज पुन्हा ओसरीवर चपला पडल्यात, लोक बसलेत, मी आतून कडी लावून हे लिहितोय. यंदा पाऊस लांबलाय. पूर्णेला अजून पाणी नाही. डबा पोहोचला असेल.